पाच वर्षांची उमेदवारी

संस्था स्थापन करण्याची हौस महाराष्ट्रास कधीच कमी पडलेली नाही. घटना तयार होते, पदाधिकारी निवडले जातात, पहिल्या वार्षिक समारंभास मोठा समुदाय लोटतो, आणि दहापंधरा वर्षांनी त्या संस्थेचे नाव एखाद्या जुन्या पाटीवर तेवढे उरते. याची कारणे शोधावयास गेल्यास पैशाची टंचाई, आपसांतील दुही, सरकारची गैरमर्जी अशी पुष्कळ सापडतात. तथापि एका कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते असे की, आपल्यामागून येणाऱ्या माणसास शिकविण्याची कोणतीच तजवीज संस्थापकांनी केलेली नसते. पहिली पिढी ध्येयाने भारलेली असते. तिला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु दुसऱ्या पिढीतला मनुष्य दारात येऊन उभा राहिला म्हणजे वर्गणीची पावती व नियमांचे छापील पुस्तक यांपलीकडे त्याच्या हाती काय द्यावयाचे, हा प्रश्न खरोखर अवघड आहे.

जगातील जे बंधुसंघ दीर्घकाळ टिकले त्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. युरोपातील कारागिरांच्या संघांत नवख्या मुलास उस्तादाच्या घरी राहून वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे. फ्रीमेसन मंडळींनी गवंड्यांचा हाच रिवाज उचलून आपल्या सभासदांच्या पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवरील सभासदास त्यांच्यात 'उमेदवार' याच अर्थाचे नाव आहे. जेझुइट पंथात प्रवेश करणारास आरंभीची दोन वर्षे केवळ कसोटीची म्हणून काढावी लागतात. आपल्याकडील गुरुगृही राहण्याची चाल तर सर्वश्रुतच आहे. परंतु राजकारण व समाजसेवा यांसारख्या ऐहिक कार्याकरिता, चांगल्या शिकल्यासवरलेल्या व पोक्त माणसांनी, जातिधर्माचा भेद न मानता एकत्र येऊन काही वर्षे शिष्यभावाने राहावे, ही कल्पना आपल्या देशात नवी होती. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ती १९०५ मध्ये पुण्यास भारत सेवक समाजाच्या रूपाने अमलात आणली. या समाजाने नवागतांस कसे शिकविले, त्या शिक्षणाची मुळे कोठे होती, आणि ते कोठे अपुरे पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ता. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन कॉलेजाच्या परिसरातील मोकळ्या माळावर समाजाच्या स्थापनेचा लहानसा समारंभ झाला. गोखल्यांनी प्रथम स्वतः सात शपथा घेतल्या, आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन या तिघांस त्या दिल्या. गोखल्यांचे वय त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचे होते. वरिष्ठ कायदेकौन्सिलातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे देशभर गाजू लागली होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे यावयाचे होते. अशा ऐन भराच्या काळी या गृहस्थाने चार माणसांचा एक संघ काढला व त्यातील नव्या माणसांस शिकविण्याचे काम आपल्या शिरावर घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या सात शपथांचा मथितार्थ असा: देश नेहमी आपल्या विचारांत अग्रस्थानी राहील आणि आपल्यातील जे उत्तम असेल ते त्याच्या सेवेस देऊ, देशसेवेत स्वतःचा लाभ पाहणार नाही, सर्व हिंदी लोकांस बंधू मानून जात व धर्म यांचा भेद न करता सर्वांच्या उत्कर्षाकरिता झटू, समाज आपल्या व आपल्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी व्यवस्था करील तीत संतोष मानून द्रव्यार्जनाकडे शक्ती वेचणार नाही, खाजगी आयुष्य शुद्ध ठेवू, कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, आणि समाजाचे ध्येय व हित यांवर सतत दृष्टी ठेवू. शपथा घेणे ही एक सकाळची गोष्ट आहे. त्या अंगी बाणणे ही वर्षांची. गोखल्यांस ही गोष्ट पुरती ठाऊक असल्यामुळे त्यांनी असा नियम केला की, समाजात येणाऱ्या प्रत्येकाने पाच वर्षे उमेदवारी करावी. या काळात त्याने काही दिवस पुण्यात समाजाच्या वास्तूत राहून तेथील ग्रंथालयात अभ्यास करावा, काही दिवस निरनिराळ्या प्रांतांत हिंडून देश डोळ्यांनी पाहावा, आणि हे सर्व प्रथम सभासदाच्या, म्हणजे खुद्द गोखल्यांच्या, देखरेखीखाली करावे. या सर्वांत कडक नियम म्हटला म्हणजे बोलण्यालिहिण्याविषयीचा. उमेदवारी चालू असता परवानगीवाचून सभेत व्याख्यान द्यावयाचे नाही व वर्तमानपत्रात लिहावयाचे नाही.

सन १९०५ चा तो काळ डोळ्यांसमोर आणला म्हणजे या नियमाची विलक्षणता ध्यानात येईल. वंगभंगाची वार्ता देशभर पसरत होती. स्वदेशी व बहिष्कार यांच्या सभांनी शहरे दुमदुमू लागणार होती. विशीपंचविशीतला सुशिक्षित तरुण बोलण्यास आतुर झालेला, ऐकणारे त्याहून आतुर, अशा वेळी पुण्यातील एक पुढारी त्यास सांगतो की, "पाच वर्षे वाच, पाहा, आणि गप्प बस." हे सांगणारा मनुष्य स्वतः मुका असता तर गोष्ट वेगळी, पण तो तर देशातील पहिल्या प्रतीच्या वक्त्यांपैकी एक होता. मग या मौनाचे महत्त्व त्यास कोठून कळले? याचे उत्तर गोखल्यांच्या स्वतःच्या उमेदवारीत सापडते.

गोखले १८८४ मध्ये पदवीधर झाले, पुढील वर्षी न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक म्हणून लागले, आणि १८८७ च्या सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले. त्या वेळी गोखले एकवीस वर्षांचे व रानडे पंचेचाळिसांचे. हा सहवास १९०१ साली रानड्यांचे निधन होईपर्यंत टिकला. रानड्यांची शिकविण्याची रीत साधी पण निष्ठुर होती. सरकारी अहवाल, खानेसुमारीचे तक्ते, जमाखर्चाची निळी पुस्तके शिष्यापुढे टाकावयाची. त्यांतून त्याच्याकडून टिपणे व मसुदे करवून घ्यावयाचे. आणि ते बारकाईने तपासून परत करावयाचे. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक गोखल्यांच्या हाती आले तेव्हा ते मासिक हीच त्यांची शाळा झाली. शाबासकीचे शब्द या शाळेत फार स्वस्त नव्हते.

त्या काळातील एक गोष्ट गोखले पुढे सांगत असत. सार्वजनिक सभेच्या वतीने मोठ्या मेहनतीने तयार केलेल्या एका अर्जास सरकारकडून केवळ पोच आली. तरुण गोखल्यांचे मन खट्टू झाले, व इतके श्रम करून उपयोग काय, असे त्यांनी गुरूस विचारले. रानड्यांनी सांगितले की, हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात; वस्तुतः ते लोकांकरिता आहेत, या विषयांवर विचार कसा करावा हे त्यांस शिकविण्याकरिता आहेत; आणि हे राजकारण या देशास सर्वस्वी नवे असल्यामुळे फळाची अपेक्षा न धरता ते पुष्कळ वर्षे करीत राहिले पाहिजे. या उत्तरात त्या अर्जाहून मोठी गोष्ट शिष्याच्या हाती पडली. अर्ज लिहिणे हेच शिक्षण आहे, लिहिणाराचेही व वाचणाराचेही, हा तो धडा होय.

रानड्यांच्या जोडीने आणखी एका गुरूचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण त्यांचे नाव आज बहुतेक विस्मृतीत गेले आहे. सोलापूरच्या सरकारी शाळेतील हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी हे अर्थशास्त्र व आकडे यांतील त्या काळचे अद्वितीय जाणकार होते. सरकारी नोकरीमुळे त्यांस उघडपणे राजकारणात पडता येत नसे. परंतु वेल्बी कमिशनपुढील साक्षीच्या वेळी काय किंवा पुढे कौन्सिलातील भाषणांच्या वेळी काय, गोखले त्यांस पत्रे लिहून शंका विचारीत, आणि जोशी टिपणे व आकडे पुरवीत. सर्व हिंदुस्थान ज्या भाषणांची वाहवा करीत होता त्यांच्यामागे एका शाळामास्तराचे असे मूक साहाय्य होते. ज्याला व्यासपीठ कधीच मिळावयाचे नाही असा मनुष्यही देशसेवेत अग्रभागी असू शकतो, हे गोखल्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. टपालाने येणाऱ्या त्या कागदांवरून ते शिकले होते.

हे झाले ऋण. परंतु गोखल्यांच्या नियमांमागे काही जखमाही आहेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी हीदेखील एका अर्थी बंधुसंघच होती. थोड्या वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे वचन देऊन ध्येयवादी तरुण तीत एकत्र आले होते. तथापि पाचसहा वर्षांतच त्यांच्यात तीव्र मतभेद उत्पन्न झाले. आजीव सभासदांनी सोसायटीबाहेरची कामे घ्यावी की न घ्यावी हा वादाचा एक मुद्दा होता, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारणे हेही त्यात निमित्त झाले. अखेर १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्या फुटीत दोष कोणाचा याचा निवाडा येथे करावयाचा नाही. उच्च ध्येयाने एकत्र आलेली माणसे केवळ ध्येयाच्या बळावर एकत्र राहू शकत नाहीत, हे मात्र गोखल्यांनी तेथे जवळून पाहिले. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही ही शपथ वाचताना त्या प्रसंगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

दुसरी जखम याहून खोल होती. सन १८९७ मध्ये गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता विलायतेस गेले होते. पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर चालला होता, व घरझडतीच्या वेळी गोऱ्या सोजिरांनी केलेल्या जुलमाची वर्णने मित्रांच्या पत्रांतून त्यांस येत होती. स्त्रियांवरील अत्याचारासंबंधी त्यांतील एक अत्यंत गंभीर आरोप गोखल्यांनी तेथील वर्तमानपत्रात प्रसिद्ध केला. विलायतेत मोठी खळबळ उडाली. इकडे जूनमध्ये रँडचा खून झाला. आणि गोखले जुलैअखेर मुंबईस उतरले तेव्हा त्या आरोपास आधार म्हणून पुढे यावयास कोणीही तयार नव्हते. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे गोखल्यांनी उघड केली नाहीत. त्यांनी गव्हर्नरांची व सोजिरांची बिनशर्त माफी मागितली, आणि त्यापायी स्वकीयांचा जो उपहास वाट्यास आला तो निमूटपणे सोसला. एकतीस वर्षांच्या, नुकत्याच नावारूपास येत असलेल्या माणसाच्या आयुष्यातील हा प्रसंग आहे. स्वतः न पाहिलेली, स्वतः न पारखलेली गोष्ट छापून गेल्यावर ती परत घेता येत नाही, हे ज्ञान त्यास इतके महाग पडले होते. आठ वर्षांनंतर नवागतांकरिता त्याने नियम केला की, आधी वाचा, मग डोळ्यांनी पाहा, आणि तोवर बोलू नका. या दोहोंतील संबंध गोखल्यांनी कोठे सांगितला आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु तो जोडल्यावाचून त्या नियमाचा कडकपणा नीट उमगत नाही असे मला वाटते.

आता या शिक्षणाखाली जे आले त्यांच्याकडे वळू. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये समाजात आले तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. मद्रासेतील तिरुवल्लिक्केणी येथील हिंदु हायस्कुलाचे हेडमास्तरपद त्यांनी सोडले होते. शेकडो मुलांस शिकविणारा व इंग्रजी भाषेवरील प्रभुत्वाबद्दल नाव मिळविलेला हा मनुष्य पुण्यास येऊन, आपल्याहून अवघ्या तीन वर्षांनी वडील अशा गुरूच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थी झाला. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर मुंबई म्युनिसिपालिटीतील एंजिनियराची नोकरी सोडून १९१४ मध्ये आले तेव्हा त्यांनी चव्वेचाळीस वर्षे पुरी केली होती. अशा वयात नवशिका होण्यास लागणारा विनय ही या शिक्षणाची पहिली परीक्षा होती, आणि ती देण्यास फार थोडे तयार होत. समाजाची सभासदसंख्या नेहमीच मोजकी राहिली ती यामुळे. त्यास दुसरेही कारण होते. ब्रिटिशांशी असलेला संबंध हा हिंदुस्थानच्या हिताकरिता घडून आलेला ईश्वरी संकेत आहे, असा अभिप्राय समाजाच्या प्रास्ताविकात नमूद होता; आणि तो मान्य करणे त्या पिढीतील तेजस्वी तरुणांस दिवसेंदिवस कठीण जात होते. लोकमान्यांच्या भोवती जमणारा समुदाय आणि गोखल्यांच्या ग्रंथालयात बसणारी ती दहावीस माणसे यांची तुलना करून समकालीनांनी पुष्कळ थट्टा केली असेल तर त्यात नवल नाही.

परंतु वृक्षाची परीक्षा फळावरून करावयाची असेल तर हीच दहावीस माणसे पुढे काय करती झाली ते पाहावे. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्या बरोबरीने पुण्याच्या सेवासदनाची उभारणी केली व सहकारी पतपेढ्यांच्या कार्यास वाहून घेतले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणी कामगारांच्या चाळींत वाचनालये व रात्रीच्या शाळा नेल्या, आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या आरंभकांत ते अग्रणी होते. ठक्करांनी पंचमहालातील भिल्लांमध्ये सेवामंडळ उभारले, व १९३२ नंतर हरिजन सेवक संघाचे चिटणीसपद सांभाळले. 'ठक्कर बाप्पा' हे नाव त्यांस लोकांनी दिले. द्रविडांनी नागपुरास 'हितवाद' चालविला. शास्त्री दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे पहिले एजंट म्हणून १९२७ मध्ये गेले. हृदयनाथ कुंझरू १९०९ मध्ये समाजात आले, १९३६ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले, व १९७८ साली त्यांचा अंत होईपर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. यांपैकी कोणीही दुसऱ्याची प्रतिकृती नव्हता. कामगार, भिल्ल, सहकार, वृत्तपत्र, परराष्ट्रांतील हिंदी लोक अशी प्रत्येकाची वाट निराळी झाली. गुरूने आपली मते शिष्यांत ओतली असती तर असे झाले नसते. त्याने त्यांस मुख्यतः एक सवय लावली होती: प्रश्नाजवळ जाऊन, त्याचा अभ्यास करून, आणि स्वतःकडे श्रेय न घेता काम करीत राहण्याची.

मात्र या पद्धतीची खरी कसोटी लागली ती एका अशा शिष्याच्या वेळी, जो समाजाच्या वास्तूत कधी राहिलाच नाही. मोहनदास गांधी १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत घेऊन पुण्यास आले तेव्हा गोखल्यांची व त्यांची पहिली भेट फर्ग्युसन कॉलेजात झाली. शाळेत नाव घालावयास आलेल्या मुलाची मास्तराने परीक्षा घ्यावी तशी गोखल्यांनी आपली परीक्षा घेतली, असे गांधीजींनीच आत्मकथेत नमूद केले आहे. कोणास भेटावे, कसे भेटावे हे त्यांनी सांगितले व भाषणाचा मसुदा पाहावयास मागितला. पुढे १९०२ च्या आरंभी कलकत्त्यास गांधीजी महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. धाकट्या भावासारखे त्यांस वागविण्यात आले. घरात कोण येते, काय बोलते, यातले काहीच त्यांच्यापासून लपविलेले नव्हते. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांची ओळख करून देताना गोखल्यांनी सांगितले की, यांस दरमहा आठशे रुपये मिळतात, त्यांतले चाळीस ठेवून बाकीचे हे सार्वजनिक कामास देतात. शिकविण्याची ही रीत व्याख्यानाहून परिणामकारक आहे. शिष्यही स्वस्थ बसणारा नव्हता. आपण ट्रामऐवजी घोडागाडीने का हिंडता, असे त्याने विचारले. गोखल्यांस वाईट वाटले, आणि लोकांत अतिपरिचित झालेल्या माणसास ट्रामने फिरणे का कठीण होते हे त्यांनी त्यास समजावून सांगितले. वडीलकीचा आव आणून त्यांनी तो प्रश्न उडवून लावला नाही, हे विसरता कामा नये.

गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये कायमचे स्वदेशी परतले. त्यांनी समाजात यावे अशी गोखल्यांची उत्कट इच्छा होती, आणि गांधीजींचीही होती. परंतु समाजाचे सभासद कचरत होते. गांधीजींचे विचार व कार्यपद्धती ही समाजाहून फार भिन्न आहेत, असे त्यांस वाटे. आणि ते खरेही होते. 'हिंद स्वराज्या'तील मतांस खुद्द गोखलेही हसत असत, व एक वर्ष हिंदुस्थानात काढल्यावर ही मते आपोआप ताळ्यावर येतील असे म्हणत. तरीही त्यांनी गांधीजींस सांगितले की, सभासद तुम्हांस घेवोत वा न घेवोत, मी तुम्हांस सभासदच समजणार. आणि सभासद समजून त्यांनी त्यांच्याकडून तेच मागितले जे प्रत्येक उमेदवाराकडून मागितले जात होते. एक वर्ष देशभर हिंडून अनुभव घ्यावा, आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन त्यांनी घेतले. पाच वर्षांच्या जागी एक वर्ष, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखल्यांचा अंत झाला. गांधीजी शांतिनिकेतनाहून धावत पुण्यास आले व त्यांनी समाजात प्रवेश मागितला. सभासदांत दोन तट पडले. एक तट घेण्यास अनुकूल, दुसरा ठाम प्रतिकूल. प्रेमात मात्र दोन्ही सारखेच. बहुमताच्या जोरावर आत शिरणे बरे नव्हे असे पाहून गांधीजींनी अर्ज मागे घेतला, आणि त्यामुळे आमची मैत्री अधिकच घट्ट झाली असे पुढे लिहून ठेवले. गुरूस दिलेले वचन त्यांनी मोडले नाही. ते वर्षभर तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून देश पाहत हिंडले. आणि अवधी सरल्यावर, फेब्रुवारी १९१६ मध्ये, काशीच्या हिंदु विश्वविद्यालयाच्या समारंभात जे भाषण त्यांनी केले त्याने व्यासपीठावरील राजेमहाराजे उठून गेले. वर्षाच्या मौनाने मते ताळ्यावर येतील ही गोखल्यांची अटकळ सपशेल चुकली. मते अधिकच पक्की झाली होती.

या हकीकतीवरून कोणी म्हणेल की गोखल्यांची पद्धती फसली. तिने स्वतःच्या घराचे दार सर्वांत थोर शिष्यास बंद केले. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. कोणत्याही बंधुसंघात नवागतास घडविण्याचे साचे एकदा तयार झाले की, साच्यात न बसणाऱ्या माणसाचे भय वाटू लागते. नियम सांभाळणारे सभासद अप्रामाणिक नव्हते. समाजाचे ध्येय व हित यांवर दृष्टी ठेवण्याची सातवी शपथ तेही पाळीत होते. परंतु नियम करणाऱ्या माणसाच्या अंगी त्याच नियमास वाकविण्याचे जे धैर्य होते, ते नियम पाळण्यास शिकलेल्यांच्या अंगी आले नाही. गोखले हयात असते तर त्यांनी काय केले असते हे सांगावयास नको; त्यांनी ते आधीच केलेले होते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर मात्र वेगळे चित्र दिसते. गुरूची अटकळ चुकली, पण त्याचे शिक्षण चुकले नाही. मते बदलणे हा त्या मौनाचा हेतू गोखल्यांच्या मनात असेलही. त्याचे कार्य निराळे झाले. चंपारणात १९१७ मध्ये निळीच्या शेतकऱ्यांचे प्रकरण हाती आले तेव्हा गांधीजींनी व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी हजारो रयतांच्या जबान्या एकेक करून उलटतपासणीसह लिहून घेतल्या, आणि वर्तमानपत्रांस बातमीदार न पाठविण्याविषयी विनविले. आधी पाहणे, मग पारखणे, मग बोलणे: १८९७ साली गोखल्यांस महाग पडलेला तोच धडा येथे दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या कार्यात, बिनचूक गिरविला गेला. समाजाच्या सभासदांच्या यादीत ज्याचे नाव कधी आले नाही त्याच्याकडून तो गिरविला जावा, यात गुरूची हार आहे की जीत आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

नवागतास शिकविणे म्हणजे काय, याचे उत्तर या इतिहासात असे दिसते. रानड्यांनी गोखल्यांस नियमांचे पुस्तक दिले नव्हते. त्यांनी त्यांचे मसुदे वाचले, खोडले, पुन्हा लिहावयास लावले, आणि निराशेच्या क्षणी एका प्रश्नास मनापासून उत्तर दिले. जोशी सोलापुराहून टिपणे पाठवीत राहिले. गोखल्यांनी हे सर्व स्वतःपुरते न ठेवता दुसऱ्यांस मिळावे म्हणून पाच वर्षांची योजना आखली, ग्रंथालय उभारले, वास्तू बांधली. योजना, ग्रंथालय व वास्तू या गोष्टी टिकतात. गोखल्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये त्याच आवारात निघाली. परंतु दुसऱ्याचा मसुदा रात्री जागून वाचणारा मनुष्य घटनेतील कलमाने निर्माण करता येत नाही. त्याकरिता स्वतः कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी केलेली असावी लागते, आणि तिची आठवण बुजलेली नसावी लागते.

आपल्या गावोगावच्या वाचनालयांत, शिक्षणसंस्थांत व मंडळांत आज जे वडीलधारे चिटणीस व अध्यक्ष आहेत, त्यांनी एखाद्या संध्याकाळी स्वतःस एवढेच विचारून पाहावे की, गेल्या वर्षी नव्याने आलेल्या सभासदाचा एक तरी कागद आपण शेवटपर्यंत वाचून, दुरुस्त करून, त्यास परत दिला आहे काय. या प्रश्नाचे उत्तर वार्षिक अहवालात छापून येत नाही; संस्थेचे पुढील आयुष्य मात्र त्याच्यावर अवलंबून असते.